इयत्ता, परीक्षा व शाळेचें दप्तर : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या निमित्तानें

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणारा संग्राहक गांवांत शिरला म्हणजे प्रथम देशमुख-देशपांड्यांचा वाडा विचारतो, मग कुळकर्ण्याचें घर, मग देवळांतलें गाठोडें. शाळेच्या कपाटाकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. तेथें काय असावयाचें? मुलांचीं नांवें, हजेरीचे पट, डिपुटीसाहेबांचे शेरे! ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाहीं. आणि शहापूर व मुरबाड यांसारख्या डोंगरी तालुक्यांत तर ती मुळींच परवडण्यासारखी नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या या पूर्व अंगास, माहुली, सिद्धगड व माळशेजच्या छायेंत, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची वस्ती मोठी. सनदा-महजर हे बहुधा वतनदारांचे कागद. सामान्य ठाकराच्या किंवा कातकऱ्याच्या घरीं ते सांपडण्याची आशा थोडी. जमिनीच्या व जन्ममृत्यूच्या नोंदी सोडल्या तर अशा कुटुंबाचें नांव कागदावर चढलें तें पुष्कळदां शाळेच्या रजिस्टरांतच. परंतु तें रजिस्टर कां निर्माण झालें, त्यांतील 'इयत्ता', 'प्रगति', 'शेरा' हे रकाने कोणासाठीं भरले जात, आणि मुलास वरच्या वर्गांत घालण्याचा निर्णय कोण करी, हें समजल्यावांचून त्यांतील नोंद नीट लावतां येत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम 'इयत्ता' हा शब्दच घेऊं. शब्द संस्कृत आहे. 'इयत्' म्हणजे एवढें, आणि 'इयत्ता' म्हणजे एवढेपणा, परिमाण, मर्यादा. शाळाखात्याच्या कारभारांत इंग्रजी 'स्टँडर्ड' या शब्दाच्या जागीं तो बसला आणि लोकांच्या तोंडीं त्याची 'यत्ता' झाली. ज्या मुलांस अद्याप कोणतेंच माप लागलेलें नाहीं, तीं 'बिगर यत्ते'चीं, म्हणजेच 'बिगरी'चीं. शब्दांवरूनच दिसतें कीं, मूल मोजण्याची गरज आधीं खात्याला पडली.

पंतोजीच्या शाळेंत हें माप नव्हतें. मुंबई सरकारनें १८२४ पासून कलेक्टरांकडून देशी शाळांची जी माहिती मागविली, तिच्या आधारें १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत १,७०५ शाळा व त्यांत सुमारें ३५,००० मुलें असल्याचें नमूद आहे. या कागदांचें साक्षेपी संपादन रा. वि. परुळेकर यांनीं केलें असून जिज्ञासूंनीं तें अवश्य पाहावें. त्यांवरून आणि जुन्या आठवणींवरून पंतोजीच्या शाळेचें जें चित्र दिसतें त्यांत वर्ग नाहींत, वार्षिक परीक्षा नाहीं, पास-नापास नाहीं. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी. अक्षर बसलें कीं उजळणी. ती पाठ झाली कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पुढें मोडी लिहिणें-वाचणें आणि हिशेब. शेजारीं बसलेल्या दोन मुलांपैकीं एक पाढ्यांवर असे व दुसरा खतपत्राचा मायना उतरून घेत असे. एक काम पुरें झालें म्हणजे दुसरें सुरू, हीच बढती. आणि मोठ्या मुलानें लहानास घोकून घेणें, हीच त्याच्या विद्येची कसोटी व हाच त्याचा मान. पंतोजीचा मोबदला आईबापांकडून, कांहीं रोख, कांहीं धान्य-शिध्याच्या रूपानें, येई. म्हणून मुलाचें मूल्यमापनहि आईबापच करीत. मुलाला घरचा हिशेब करतां येतो कीं नाहीं, आलेलें पत्र वाचतां येतें कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे झालें. या शाळेची छडी, कोंबडा व उन्हांत उभें करणें यांविषयीं लिहिणाऱ्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे, आणि तें खोटें नाहीं. पण त्या शाळेंत नापास झालेला मुलगा नव्हता हेंहि तितकेंच खरें. अर्थात् नापास न होण्याचें हें भाग्य शाळेंत येणाऱ्यांपुरतेंच होतें. ठाकूरवाडींतील मुलाला पंतोजीची पडवी बहुधा दिसतच नसे.

विद्येची परीक्षा घेऊन बक्षीस देण्याची चाल मात्र आपणांकडे इंग्रजांनीं आणली असें समजणें चूक होईल. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं सुरू केलेली व पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविलेली श्रावणमासची दक्षिणा ही शास्त्री-पंडितांची परीक्षा व प्रतवारीच होती. १८१८ नंतर तिच्याच रकमेंतून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढें मराठी ग्रंथांस दक्षिणा प्राइज मिळूं लागलें. परंतु ती परीक्षा विद्वानांची, तीहि ब्राह्मणांपुरती. खेड्यांतील पोरांची दरसाल परीक्षा ही कल्पना निराळी आणि तिचा उगम निराळा.

एल्फिन्स्टननें १८२३ च्या आपल्या टिपणांत देशी शाळांची संख्या वाढवावी, शिकविण्याची रीत सुधारावी आणि पुस्तकें पुरवावीं असें सुचविलें. तें काम मुख्यतः जी संस्था पुढें मुंबईची नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली तिनें, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखालीं, केलें. त्या वेळीं बेल व लँकेस्टर यांच्या पद्धतीचा बोलबाला होता. गंमत अशी कीं, डॉ. बेलला तिची कल्पना मद्रासेकडील देशी शाळांत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहूनच सुचली होती. म्हणजे आपलीच धूळपाटी विलायतेस जाऊन, तेथें नवें नांव घेऊन परत आली. येतांना तिनें दोन गोष्टी बरोबर आणल्या : मुलांच्या सारख्या तुकड्या पाडणें, आणि तुकडींत नंबर लावणें. वरच्याला उत्तर आलें नाहीं व खालच्यानें दिलें तर खालचा वर बसे. नंबर वर घेण्याची ही रीत मराठी शाळांत पुढें पुष्कळ वर्षें टिकली. नंतर शाळाखात्याचीं क्रमिक पुस्तकें आलीं, त्यांत मेजर कँडी याचा हात मोठा. मग मूल 'दुसऱ्या पुस्तकांत' आहे कीं 'तिसऱ्या पुस्तकांत' आहे, असें लोक बोलूं लागले. इयत्तेची कल्पना खेड्यांत रुजली ती या पुस्तकांच्या आंकड्यांनीं, असें आमचें मत आहे.

खरा पालट १८५५ मध्ये शाळाखातें निघाल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत झाला. जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड बसविण्यांत आला आणि त्यांतील तिसरा हिस्सा शाळांस देण्याचें ठरलें. पैसा आला तशी पैशाच्या हिशेबाची पद्धतिहि आली. विलायतेंत १८६२ मध्ये रॉबर्ट लो यानें जो नवा कायदा लावला, त्यांत वाचन, लेखन व गणित या तीन विषयांत परीक्षक येऊन प्रत्येक मुलाची परीक्षा घेई. मूल ज्या विषयांत नापास होई त्या विषयामागें शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स बुडत. आणि दोनशें हजेऱ्या भरल्याशिवाय मूल परीक्षेस बसवितांच येत नसे. 'निकालावर पैसा' असें या पद्धतीचें वर्णन करतां येईल. डायरेक्टर हॉवर्ड याच्या कारकीर्दींत तीच कल्पना मुंबई इलाख्यांतील ग्रँटच्या नियमांत शिरली, आणि १८८२ च्या हंटर कमिशनपुढें तिच्याविषयीं बराच ऊहापोह झाला. १९०४ च्या हिंदुस्थान सरकारच्या ठरावांत ती सदोष ठरविण्यांत आली व त्यानंतर थोड्याच वर्षांत ती येथून गेली.

ती गेली खरी, पण जातांना आपलें दप्तर मागें ठेवून गेली. निकालावर पैसा द्यावयाचा म्हणजे कोणतें मूल, कोणत्या तारखेस दाखल झालें, कोणत्या इयत्तेंत किती दिवस हजर होतें, मागच्या वर्षी तें याच इयत्तेसाठीं तर बसलें नव्हतें ना, हें सर्व सिद्ध करावें लागे. नाहींतर एकाच मुलावर दोनदां पैसा निघावयाचा! हजेरीपट, परीक्षेचा तक्ता व दाखल-खारिज रजिस्टर यांचा काटेकोरपणा विद्येच्या प्रेमांतून वाढला असें कोणी समजूं नये. तिजोरीच्या संशयानें त्यास मोठा हातभार लावला. संशोधकास मात्र हा संशय उपकारक झाला आहे. ज्या कागदावर पैसा अवलंबून असतो तो कागद नीट लिहिला जातो, हा अनुभव वतनी कागदांतहि आपणांस येतोच. उलट बाजूहि ध्यानांत ठेवावी. ज्या रकान्यावर पैसा अवलंबून नव्हता, उदाहरणार्थ जन्मतारखेचा, तो वाटेल तसा भरला गेला. जुन्या रजिस्टरांत मुलांमागून मुलें एक जूनला जन्मलेलीं दिसतात; शाळा जूनमध्ये उघडे व प्रवेशास वय लागे, म्हणून मास्तरांनीं तारीख बसविली, एवढाच त्याचा अर्थ. अशा जन्मतारखेवरून कोणी पत्रिका मांडूं नये आणि वंशावळहि लावूं नये.

आतां ही वार्षिक मापणी डोंगरांत कशी उतरली तें पाहूं. आगगाडी वासिंदपर्यंत १८५५ मध्ये व कसाऱ्यापर्यंत १८६१ च्या आरंभीं आली. त्यामुळें शहापूर तालुक्याच्या एका पट्टीस मुंबई जवळ झाली. डोळखांबकडील वाड्या, आणि मुरबाडांतील धसई-टोकावड्याकडचा मुलूख मात्र गाडीपासून दूरच राहिला. डिपुटी इन्स्पेक्टर दौऱ्यावर निघे तो पाऊस उलगडल्यावर, नद्या-ओढे उतरल्यावर. म्हणजे परीक्षा कार्तिकापासून वैशाखापर्यंत केव्हांतरी. पण याच दिवसांत गांव रिकामा होतो! भाताची कापणी-झोडणी आटोपली कीं कातकरी कुटुंबें कोळशाच्या भट्ट्यांवर, आणि अलीकडच्या काळांत भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, मुलांबाळांसह जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये नांव घातलेलें मूल आवणीच्या दिवसांत अर्धें हजर, दिवाळीनंतर गैरहजर, आणि परीक्षेच्या दिवशीं कोसांवर. पुढच्या जूनला तें पुन्हां बिगरींत. असें दोन-तीन वेळां झालें म्हणजे 'सतत गैरहजर, सबब नांव कमी केलें' असा शेरा पडतो व पान मिटतें. हें मूल मंद होतें असें रजिस्टरावरून म्हणतां येत नाहीं. त्याची परीक्षाच झालेली नाहीं. मापाचा हंगाम आणि पोटाचा हंगाम एकच पडला, एवढेंच त्या शेऱ्यावरून सिद्ध होतें.

ही गोष्ट केवळ डोंगरापुरती नव्हती. १९२९ च्या हार्टोग कमिटीनें दाखवून दिलें कीं, ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२२-२३ मध्ये पहिल्या वर्गांत असलेल्या दर शंभर मुलांमागें १९२५-२६ मध्ये चौथींत पोंचलीं तीं अवघीं १८. गळती व एकाच वर्गांत कुजणें हे दोन रोग तेव्हांपासून सरकारी अहवालांत कायमचे वस्तीस आले. मात्र शेंकड्याचा आंकडा मुलाचें नांव सांगत नाहीं. तें सांगतें गांवचें रजिस्टर. आणि म्हणूनच त्याचें महत्त्व.

बक्षिसाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. इन्स्पेक्टरच्या भेटींत एखादें पुस्तक किंवा मिठाई, वर्गांत पहिला नंबर, क्वचित् शिष्यवृत्ति, हीं लहान बक्षिसें झालीं. खेड्याच्या दृष्टीनें मोठें बक्षीस एकच, व तें म्हणजे शेवटची परीक्षा. तिला कोणी मुलकी परीक्षा म्हणत, पुढें व्हर्नाक्युलर फायनल हें नांव रूढ झालें. ती उतरला कीं तलाठी, कारकून किंवा प्राथमिक शिक्षक होण्याची वाट मोकळी होई. 'फायनल पास' हें बिरुद लोक नांवापुढें अभिमानानें सांगत, आणि त्या प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारीं लागे. पंतोजीच्या शाळेंत विद्येचें फळ घरांत दिसे. आतां तें सरकारी चाकरींत दिसूं लागलें. मुलाची परीक्षा आईबापांच्या हातून जाऊन प्रथम तिजोरीच्या व नंतर नोकरीच्या हातीं गेली. गुणपत्रक हातीं आलें तर तें या दृष्टीनें वाचावें. त्यांत मोडी वाचन-लेखनास स्वतंत्र गुण दिसले तर संग्राहकानें तें विशेष जपावें. मोडी शाळेंतून केव्हां व कशी मागें पडली याचा गांवोगांवचा पुरावा अशाच पत्रकांत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ येथें थोडक्यांत उरकतों, कारण तो पुष्कळांच्या पाहण्यांतला आहे. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालील मागास व आदिवासी मुलींस पहिली ते चौथीपर्यंत दर दिवसाच्या हजेरीस एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना महाराष्ट्रांत सुरू झाली. अट पंचाहत्तर टक्के हजेरीची. बक्षीस हुशारीला न देतां येण्याला द्यावें, हा विचार शाळेच्या इतिहासांत नवा होता व आम्हांस तो शहाणपणाचा वाटतो, रक्कम कितीहि क्षुल्लक असली तरी. स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातीं शिक्षण हमी पत्रक देऊन तें जेथें जाईल तेथील शाळेनें त्यास बसवून घ्यावें, अशीहि व्यवस्था पुढें झाली. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला आणि त्याच्या सोळाव्या कलमानें आठवीपर्यंत कोणासहि मागें ठेवण्यास बंदी केली; त्याच वर्षीं राज्यानें सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लावलें व गुणांच्या जागीं श्रेणी आल्या. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि २०२३ पासून महाराष्ट्रांत पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा, नापासांस पुनर्परीक्षा, व तींतहि न उतरणाऱ्यास त्याच वर्गांत ठेवणें, हा नियम आला. वीटभट्टीवरून मार्चमध्ये मूल परत येईल कीं नाहीं, हा जुना प्रश्न त्यामुळें पुन्हां उभा राहिला आहे.

जातां जातां एक नोंद. मुरबाड तालुक्यांतील फांगणे या गांवीं ८ मार्च २०१६ रोजीं शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानें आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून साठी उलटलेल्या बायका पाटी घेऊन बसल्या. सही करतां यावी, पोथी वाचतां यावी, हेंच तेथलें ध्येय. पंतोजीच्या शाळेप्रमाणेंच येथेंहि शिकण्याची कसोटी शिकणाऱ्याच्या घरांतच होती. तिचें दप्तर कोणी ठेविलें असल्यास तेंहि जपण्याच्या योग्यतेचें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जमातींची यादी निघाली. एखादें कुटुंब ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी आहे असा दाखला पडताळणी समितीपुढें आला म्हणजे जुना कागद मागितला जातो, आणि स्वातंत्र्यपूर्व कागदास अधिक वजन आहे असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्ये म्हटलें आहे. हा जुना कागद बहुतेकदां आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरांतील एक ओळ असतो. जें मूल दोन वर्षें बिगरींत बसून 'गैरहजर' म्हणून कमी झालें, ज्यास शाळेनें कांहीं शिकविलें नाहीं, कोणतेंहि बक्षीस दिलें नाहीं, त्याचीच ती ओळ त्याच्या नातवाच्या मुलाला महाविद्यालयांत जागा मिळवून देते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठीं न्यायमूर्ति शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हां शाळांचीं जुनीं रजिस्टरें राज्यभर उघडलीं गेलीं आणि मोडी वाचणाऱ्यांस एकाएकीं मागणी आली. अशा वेळीं पान वाळवीनें खाल्लें असेल तर त्या घराचा पुरावाच गेला.

हीं रजिस्टरें सांपडणें कठीण होतें याचें कारण त्यांचे मालक बदलत गेले. शाळाखातें, मग १८८४ च्या कायद्यानंतर लोकलबोर्डें, १९२३ च्या कायद्यानें स्कूलबोर्डें, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. शहापूर तालुका पूर्वीं कोळवण या नांवानें ओळखला जाई व मोखाडा पेटा त्यांत मोडे; तोच मोखाडा १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. तेव्हां शोधणाऱ्यानें आजच्या तालुक्याच्या सीमेवर थांबूं नये, आणि गांवची शाळा मूळ कोणत्या केंद्रशाळेची शाखा होती हें आधीं विचारावें. वाडीवरच्या मुलांचीं नांवें मोठ्या गांवच्या रजिस्टरांत असतात.

संग्राहकांस आमची सूचना अशी. दाखल-खारिजाचें जनरल रजिस्टर हा शाळेचा कायमचा कागद आहे. तो विकत मागूं नये, कोणी देऊं केला तरी घेऊं नये. मुख्याध्यापकांच्या परवानगीनें तो जागच्या जागीं छायाचित्रित करावा. पहिल्या पानापासून, मुखपृष्ठासह, कारण सुरुवातीचें वर्ष पुष्कळदां तेथेंच असतें. रजिस्टर नंबर, नांव, जात, दाखल झाल्याची तारीख व इयत्ता, सोडल्याची तारीख व इयत्ता, कारण आणि शेरा, हे रकाने जसेच्या तसे उतरावे. जातीचें नांव आजच्या यादीप्रमाणें सुधारूं नये, 'ठाकर' असेल तर 'ठाकर'च लिहावें. शाई बदललेली, खाडाखोड केलेली किंवा ओळींच्या मध्यें घुसविलेली नोंद वेगळी टिपावी, कारण बनावट बहुधा अशाच जागीं होते. हजेरीपट, परीक्षेचे तक्ते, इन्स्पेक्टरांचें शेरेबुक यांस कायमचें अभय नाहीं; ते मुदत संपल्यावर रद्दींत जातात, आणि तेथून ते उचलावे. नुसतें शेरेबुक मिळालें तरी कोणत्या महिन्यांत परीक्षा झाली व त्या दिवशीं पटावरचीं किती मुलें हजर होतीं, हें त्यावरून कळतें. हयात माणसांचीं व त्यांच्या निकटच्या घरांचीं नांवें छापूं नयेत. मोडी नोंदीचें बाळबोध करतांना मूळचें छायाचित्र शेजारीं ठेवावें आणि दोन्हींची एक प्रत शाळेस परत द्यावी.